विद्यापीठातली औषधी वनस्पतींची बाग: २५ जणांना घेऊन जायचंय, कधी आणि कसं बघावं?

औंधकर

नमस्कार मंडळी. ऑगस्टमध्ये सोसायटीतल्या २५ जणांना सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारातली औषधी वनस्पतींची बाग दाखवायला न्यायचं ठरतंय. दहा-बारा ज्येष्ठ, सहा-सात शाळकरी मुलं, बाकी मधल्या वयाचे. नुसतं "हे बघा अडुळसा, हे बघा अश्वगंधा" करत पाट्या वाचत फिरायचं नाहीये. घरी आल्यावर निदान दहा झाडं स्वतःला ओळखता यावीत एवढीच अपेक्षा.

प्रश्न असे: परवानगी लागते का? ऑगस्ट बरोबर की दिवाळीनंतर जावं? किती वेळ धरावा? मुलं बरोबर आहेत, तर धोक्याचं काय असतं? आणि एक खास कारण. आमच्या कंपाउंडच्या भिंतीवरची वेल गुळवेल म्हणून दोघे-तिघे रोज काढ्यात घालतात. ती गुळवेलच आहे हे कोणी ठरवलं, ते कोणालाच माहीत नाही.

गणेशखिंड_रोजचा

आधी कागदपत्रं. आवारात फिरायला जाणं वेगळं आणि पंचवीस जणांचा गट घेऊन विभागाच्या बागेत शिरणं वेगळं. वनस्पतिशास्त्र विभागाच्या प्रमुखांच्या नावे साधं एक पानी पत्र द्या, दहा-बारा दिवस आधी. त्यात तारीख, वेळ, माणसांची संख्या, मुलं किती, हेतू, आणि जबाबदार एकाच व्यक्तीचं नाव व फोन लिहा. "मार्गदर्शनासाठी कोणी उपलब्ध होऊ शकेल का" हे वाक्य घाला, पण मिळेलच असं धरून चालू नका, कारण तिथे शिकवणं आणि परीक्षा हे पहिलं काम. पत्राची पोच घ्या आणि त्या दिवशी तीच प्रत जवळ ठेवा. गेटवर विचारलं तर ती आणि एखादं ओळखपत्र, एवढ्यावर काम होतं.

रविवार धरू नका. विभाग बंद, कुलूप असलं तर उघडायला कोणी नाही. सगळ्यांना रविवारच जमत असेल तर एम्प्रेस गार्डन बघा. तिकीट काढून जाता येतं, जुने वृक्ष भरपूर. मात्र तिथे वृक्ष बघायचे, वाफ्यातल्या औषधी वनस्पतींसाठी ती जागा नव्हे.

वेळ सकाळी ८ ते १०. विद्यापीठ चौकातली गर्दी साडेनऊच्या पुढे काय असते ते औंधकरांना सांगायला नको. दुसरं कारण झाडांचं आहे. विष्णुक्रांतेसारखी चिमुकली निळी फुलं सकाळी उमलतात आणि दुपारपर्यंत मिटतात. ११ नंतर गेलात तर ती जमिनीवरची हिरवी जाळी एवढीच दिसेल आणि लोक तिच्यावर पाय देऊन पुढे जातील.

द्रव्यगुण_वही

ऑगस्टचा तिसरा-चौथा आठवडा उत्तम. कारण सांगतो, म्हणजे दिवाळीनंतरचा विचार सोडून द्याल.

वाफ्यातल्या निम्म्या औषधी कंदवर्गी आहेत. कळलावी, सफेद मुसळी, हळद, आंबेहळद, कचोरा. पाऊस संपला की यांचा जमिनीवरचा भाग पिवळा पडून वाळतो आणि कंद खाली झोपतो. मुसळी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच मान टाकते, हळद डिसेंबर-जानेवारीत. फेब्रुवारीत गेलात तर मोकळी माती आणि पाटी. मग लोक म्हणतात, बागेची निगा नाही. निगा असते, झाड सुट्टीवर असतं.

उलट काही गोष्टी ऑगस्टमध्ये दिसणार नाहीत हेही गटाला आधीच सांगा. सीता-अशोक फुलतो साधारण फेब्रुवारी ते एप्रिल. गुळवेलीची लाल फळं हिवाळ्यात, तीही फक्त मादी वेलीवर, कारण नर आणि मादी वेल वेगळी असते. अश्वगंधेचं कागदी पिशवीतलं लाल फळही थंडीतलंच.

आता मुख्य मुद्दा. शंभर झाडं बघू नका, बारा बघा, आणि तीही जोडीने. आपली चूक होते ती अनोळखी झाडात नाही, ओळखीच्या नावात होते. दोन सारखी दिसणारी झाडं शेजारी धरून बघितली की फरक डोक्यात पक्का बसतो. या जोड्या घ्या:

ब्राह्मी. महाराष्ट्रात बहुतेक घरी जिला ब्राह्मी म्हणतात ती मंडूकपर्णी, सेंटेला. पान मूत्रपिंडाच्या आकाराचं, कडेला बारीक कंगोरे, लांब देठ, जमिनीवर धावणाऱ्या खोडाला पेरापेराला मुळं. ग्रंथातली ब्राह्मी म्हणून जी बहुतेक ठिकाणी धरतात ती बॅकोपा, म्हणजे आपली नीरब्राह्मी: पान जेमतेम एक-दीड सेंटिमीटर, मांसल, देठ जवळजवळ नाही, समोरासमोर जोडीने, फूल पांढुरकं-निळसर. दोन्ही औषधी, पण एक नव्हेत. तिसरी एक घुसखोर आहे. नर्सरीत पाण्याच्या भांड्यात ठेवायला मिळते ती हायड्रोकोटाइल, गोल चकचकीत पानाची. तिचा देठ पानाच्या मधोमध खालून जोडलेला असतो, छत्रीच्या दांड्यासारखा. मंडूकपर्णीचं पान देठापाशी खाचलेलं असतं, देठ त्या खाचेत. एवढं एक बघितलं की चूक होत नाही. हिला ब्राह्मी समजून चटणी करणारे कमी नाहीत.

अशोक. सोसायट्यांत रांगेने उभा असतो तो उंच, लोंबत्या, लाटदार कडांच्या पानांचा वृक्ष खोटा अशोक. साधं पान, हिरवट फूल. सीता-अशोकाचं पान संयुक्त, चार ते सहा जोड पर्णिका. कोवळी पालवी तांबूस आणि मलूल, ओल्या फडक्यासारखी लटकते. ती ऑगस्टमध्येही कदाचित दिसेल. फुलाला पाकळ्या नसतातच, केशरी दिसतो तो निदलपुंज, म्हणजे कळीवरचं बाहेरचं आवरण. औषधात साल सीता-अशोकाची लागते, बाजारात भेसळ पहिल्याची होते.

अर्जुन आणि ऐन. दोन्हींच्या फळांना पाच पंख, म्हणून फळावर जाऊ नका, खोडाकडे बघा. अर्जुनाची साल गुळगुळीत, राखाडी-गुलाबीसर, मोठे पापुद्रे सुटतात. ऐनाची मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगाळलेली. आंधळ्यालाही हाताने कळेल.

भुईआवळा. हा बागेत कमी आणि तुमच्याच कुंड्यांत जास्त सापडेल. डहाळी उलटी करा. पानांच्या खाली मण्यांची ओळ लागलेली दिसली की गट बरोबर. मग मणी बघा. गुळगुळीत आणि बारीक देठावर असतील तर औषधातला फिलँथस अमारस. जवळजवळ देठाविना चिकटलेले, खरखरीत, खोडावर लालसर झाक असेल तर त्याचा चुलतभाऊ, फिलँथस युरिनेरिया. आणि तोडल्यावर पांढरा चीक आला तर तो भुईआवळा नव्हेच, ते नायटी नावाचं तण.

शंखपुष्पीचा वाद उघडू नका, वेळ जाईल. विष्णुक्रांता, खरी शंखपुष्पी आणि गोकर्ण या तिन्हींना ते नाव लावतात, इतकं सांगून पुढे चला.

औंधकर

वा, हे फारच कामाचं. जोडीने बघायची कल्पना डोक्यातही नव्हती. पण २५ जण एका रोपाभोवती कसे मावणार? आणि मुलांना पान चाखायला दिलं तर चालेल का? बेडकीचा पाला चावून मग साखर खाल्ली की मातीसारखी लागते म्हणे, मुलांना मजा येईल.

पाषाण_टेकडी

चाखायचं नाही. बेडकीच्या पाल्याचं खरं आहे, त्यातली जिम्नेमिक आम्लं जिभेवरचं गोडाचं ज्ञान काही काळ बंद करतात. पण वाफ्यांवर फवारणी झालेली असू शकते, आणि दुसरं म्हणजे पाटीवर विश्वास ठेवून पान तोंडात घालणं हीच ती चूक जी टाळायला तुम्ही चालला आहात.

पाट्यांचं सांगतो. पावसाळ्यात पाटी जागेवर राहते आणि झाड बदलतं. लावलेलं रोप कुजतं, शेजारचं बी पडून उगवतं, तण मधे माजतं. म्हणून पाटीवर विश्वास ठेवण्याआधी समोरचं झाड त्या नावाच्या खुणांना जुळतंय का ते बघायचं. मुलांना हाच खेळ द्या: "पाटी खरं बोलते का?" चाखण्यापेक्षा जास्त रमतात.

नावं दोन दिसली तर गोंधळू नका. जुन्या पाटीवर अधाटोडा वासिका आणि नव्या पुस्तकात जस्टिसिया अधाटोडा, दोन्ही अडुळसाच. आवळ्याला जुनं एम्ब्लिका ऑफिसिनॅलिस, आता फिलँथस एम्ब्लिका. खोटा अशोक पॉलिअल्थिया होता, तो आता मोनून झाला. खैर अकॅशिया होता, आता सेनेगॅलिया. शास्त्रज्ञांनी नावं बदलली, सुतार तोच, पाटी तीच.

गटाचं गणित: वाफ्यांमधल्या वाटा अरुंद असतात, दोन माणसं शेजारी उभी राहिली की तिसरा वाफ्यात पाय टाकतो. तीन गट करा, ८-८-९. बारा झाडं म्हणजे चार थांबे, प्रत्येकी तीन. एका थांब्याला १५ मिनिटं, अधलं-मधलं चालणं धरून दीड तास. ज्येष्ठांना याहून जास्त उभं ठेवू नका. ज्येष्ठांचा गट सगळ्यात आधी सोडा, म्हणजे ऊन आणि घाई दोन्ही त्यांच्या वाट्याला येत नाही. फरशीवर शेवाळ असतं, चप्पल नको, मागे पट्टा असलेली जाड तळव्याची पादत्राणं हवीत. पूर्ण बाह्या, पूर्ण पँट. कुंड्या आणि हौदांमुळे डास भरपूर. उंच गवतात कोणी शिरणार नाही, हे मुलांना गेटवरच सांगा.

वास घ्यायला हरकत नाही. खाली पडलेलं पान चुरगाळायचं, झाडावरचं तोडायचं नाही. निर्गुडी, वेखंड, कापूर-तुळस, गवती चहा. डोळे मिटून नाव ओळखा, हा दुसरा खेळ. नंतर हात धुवायचे आणि त्याआधी डोळ्याला लावायचे नाहीत.

विषवल्ली

मुलं आहेत म्हणून ही बाजू मी घेते. घाबरवायचं नाही, पण या झाडांसमोर मोठ्यांपैकी एकाने उभं राहायचं.

कळलावी. ऑगस्टमध्ये ऐन फुलोऱ्यात असेल, पाकळ्या आधी पिवळ्या मग लाल, आगीच्या ज्वाळेसारख्या वर वळलेल्या. मुलं पहिला हात तिलाच लावतात. सगळं झाड विषारी, कंद सर्वात जास्त, आत कोल्चिसिन. नुसता स्पर्श झाला म्हणून घाबरायचं नाही, हात धुवायचे. पोटात जाता कामा नये.

गुंज. लाल मण्यावर काळा ठिपका. अख्खं बी कठीण असतं, चावलं किंवा भोक पाडलं तर आतलं अ‍ॅब्रिन बाहेर येतं. खाली पडलेले मणी खिशात भरू देऊ नका, घरी लहान भावंडं असतात.

काजरा म्हणजे कुचला. नक्षत्रवन असलं की तो अश्विनी नक्षत्राचा वृक्ष म्हणून हमखास लावलेला असतो. फळ संत्र्यासारखं देखणं. बियांत स्ट्रिक्निन हे जहाल विष.

खाजकुइली. शेंगा साधारण ऑक्टोबरनंतर वाळतात, तेव्हा ऑगस्टला त्रास कमी. तरी वेल दिसली तर तिच्यावरून वारा आपल्याकडे येईल अशा बाजूला उभं राहू नका. लव लागलीच तर चोळायचं नाही, चोळलं की केस आणखी रुततात. चिकटपट्टी दाबून उचलायची, दोन-तीनदा, दर वेळी नवा तुकडा. मग साबण-पाणी. कपडे वेगळे धुवायचे.

बिब्बा. तोडलेल्या डहाळीचा किंवा फळाचा चीक लागला की त्वचेवर फोड येतात, कधी एक-दोन दिवसांनी. झाडाखाली बैठक मांडू नका. चित्रक तसा निरुपद्रवी दिसतो, पांढरी नाजूक फुलं, पण फुलाचा चिकट कप कपड्याला चिकटतो आणि मूळ ताजं असताना त्वचेला भाजतं. उपटून बघायची हौस नको.

कोणी काही चावलंच, तर मीठ-पाणी पाजून उलटी काढायला बसू नका. तोंडातलं काढून टाका, चूळ भरायला लावा, त्या झाडाची डहाळी आणि पाटीचा फोटो घेऊन थेट रुग्णालय. डॉक्टरांना झाडाचं नाव कळणं हे निम्मं काम असतं.

द्रव्यगुण_वही

वर फोटोचा विषय निघाला म्हणून पुस्ती. सगळे फूल तेवढं टिपतात आणि घरी आल्यावर कुठलं पान कुठल्या फुलाचं ते कळत नाही. क्रम ठरवून द्या: आधी पाटी, मग पूर्ण झाड, मग पान वरून, तेच पान खालून, मग पान फांदीला जिथे जोडलंय तो सांधा, मग फूल किंवा फळ, शेवटी खोड. एका फोटोत रुपयाचं नाणं ठेवा, आकार कळतो. पुढच्या झाडाला पुन्हा पाटीपासून सुरुवात, म्हणजे गॅलरीत पाटी आली की नवीन झाड सुरू झालं.

मोबाइलवरची ओळखणारी अ‍ॅप्स एका पानाच्या फोटोवर गुळवेल, पहाडवेल आणि शोभेची मनीप्लँटसारखी वेल या तिन्हींना वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळी नावं देतात. ती सुचवण्यापुरती ठीक, काढ्यापुरती नाहीत.

कुंडीतली_बाग

परत येताना सगळे रोपं मागतील. बागेतून काही उचलायचं नाही हे पत्रातच लिहून टाका. राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाचं पश्चिम विभागाचं क्षेत्रीय सुविधा केंद्र विद्यापीठातच आहे. लागवडीच्या साहित्याबद्दल तिथे विचारणं सरळ मार्ग.

गॅलरीत जगतील ती: अडुळसा, मंडूकपर्णी, कोरफड, गवती चहा. मंडूकपर्णी खोल कुंडीत लावू नका, पसरट ट्रेमध्ये लावा, चार-पाच इंच माती पुरते, ओल तुटता कामा नये. कोरफडीचं नेमकं उलटं. अश्वगंधा हौसेने नेतात आणि पाणी घालून मारतात. तिला निचऱ्याची हलकी जमीन आणि उपेक्षा लागते. गुळवेल बोटाएवढ्या जाड काडीवर लागते, वीतभर, दोन-तीन पेरं असलेली, एक पेर मातीत. काडी उलटी खोचली की फुटत नाही, म्हणून कापतानाच खालचं टोक तिरकं कापायचं.

औंधकर

काडीच्या निमित्ताने मूळ प्रश्नावर येते. भिंतीवरच्या वेलीचा तुकडा कापून बघितला. पान हृदयाच्या आकाराचं, खालून गुळगुळीत. साल राखाडी. खोडावर फोडासारखे उंचवटे आहेत. कापल्यावर दूध असं नाही आलं, थोडं गढूळ पाणी. ही गुळवेल म्हणायची का?

द्रव्यगुण_वही

एवढ्यावर हो म्हणणार नाही.

पान खालून गुळगुळीत म्हणजे सह्याद्रीत सापडणारी मखमली पानाची टिनोस्पोरा सायनेन्सिस, गुळवेलीची चुलतबहीण, ती नाही, एक गेली. देठ पानाच्या काठाच्या आत जोडलेला नाही ना ते बघा, तसा असेल तर पहाडवेल. राहिली दुसरी चुलतबहीण, टिनोस्पोरा क्रिस्पा. या आणि आपल्या गुळवेलीत गल्लत होऊ नये म्हणून आयुष मंत्रालयाने दोन्हींचे फरक जाहीर केलेले आहेत: खऱ्या गुळवेलीचं खोड हिरवं, त्यावर गाठी नाहीत, चीक दुधाळ नाही, फळ गोल आणि लाल. क्रिस्पाचं खोड करडं, गाठीच गाठी, चीक दुधाळ, फळ लांबट आणि नारिंगी.

घोळ तुमच्यासारख्याच नमुन्यात होतो, कारण खऱ्या गुळवेलीच्या सालीवरही श्वास घेणारी रंध्रं असतात आणि ती किंचित वर आलेली असतात. फरक अंगठ्याने कळतो. करंगळीहून जाड, जुनं खोड घ्या. अंगठा फिरवल्यावर वाळूचे कण लागल्यासारखं वाटलं तर ती रंध्रं. चामखिळीसारखे टणक, वेगवेगळे मोजता येतील असे उंचवटे असतील तर गाठी. मग नखाने वरचा पापुद्रा काढा. गुळवेलीचा पातळ कागदासारखा सुटतो आणि खाली हिरवागार रंग दिसतो. शेवटी आडवा काप घ्या, आत चाकाच्या आऱ्यांसारख्या रेषा दिसतील. या रेषा मात्र जवळच्या जातींतही दिसतात, म्हणून एकट्या चाकावर निकाल देऊ नका.

पाषाण_टेकडी

सोपं करा. वीतभर तुकडा, दोन पानांसकट, ओल्या कागदात गुंडाळून त्या दिवशी बरोबर न्या. काय आहे ते गेटवर आणि विभागात सांगून न्या, नाहीतर बाहेर पडताना "इथून तोडलं" म्हणतील. बागेतल्या गुळवेलीशेजारी धरा, दोन्हींवर अंगठा फिरवा, आणि विभागातल्या जाणकारांना दाखवा. तुमच्या सहलीची पहिली जोडी हीच.

विषवल्ली

आणि तोवर त्या दोघा-तिघांचा काढा बंद. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील किंवा यकृताचं काही असेल, तर खरी गुळवेल निघाली तरी आधी डॉक्टरांना विचारून.

औंधकर

अंगठा फिरवून आले. मोजता येताहेत, वीतभरात चौदा. काढा आजपासून बंद, तसं ग्रुपवर टाकलंय. पत्र उद्या देते, २२ ऑगस्टच्या आसपासचा कामाचा दिवस मागते.